पहिलं विरजण लावणाऱ्या ग्रेसबाई

परवा रात्री दुधाला विरजण लावत होते. कॉम्प्युटर शिकणारी लेक तिथंच अभ्यासाला बसली होती. माणसानं लिहिलेल्या सूचना मशीनला कळतील अशा आकड्यांत बदलून देणाऱ्या प्रोग्रामला कंपायलर म्हणतात, असं तिनं सांगितलं. गंमत म्हणजे नवा कंपायलर बहुधा आधीच्या कंपायलरच्या मदतीनंच तयार होतो. म्हणजे आपल्या दह्यासारखंच की! मग पहिलं विरजण कुणी लावलं? या प्रश्नापायी माझी ओळख झाली ग्रेस हॉपर यांच्याशी.

ग्रेसचा जन्म ९ डिसेंबर १९०६चा, न्यूयॉर्कमधला. गजराचं घड्याळ चालतं कसं हे बघायला या पोरीनं घरातली सात घड्याळं खोलली! आईनं यापुढे एकच घड्याळ खोलायचं, एवढाच नियम घातला. १९३४ साली येल विद्यापीठातून त्या गणितात पीएच.डी. झाल्या, वासार कॉलेजात शिकवत होत्या. दुसऱ्या महायुद्धात नौदलात जायचं ठरवलं, तर वय जास्त आणि वजन कमी! तरी १९४३ साली सदतिशीत त्या भरती झाल्याच. पुढच्या वर्षी हार्वर्डला एकावन्न फूट लांबीच्या ‘मार्क १’ संगणकावर काम सुरू झालं. १९४५ साली संसार मोडला, पण काम सुटलं नाही.

तेव्हा प्रत्येक सूचना आकड्यांत लिहावी लागे. तयार तुकडे एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत, आणि उतरवताना हमखास चुका होत. ग्रेसबाईंना वाटलं, ही उतरवाउतरवी मशीनच का करू नये? त्यांनी ते तुकडे टेपवर साठवले, प्रत्येकाला क्रमांक दिला. क्रमांक सांगितले की मशीन ते तुकडे शोधून जोडून देई. १९५२च्या सुमारास ‘ए-०’ नावाचा हा कंपायलर चालू लागला. जगातल्या अगदी पहिल्या कंपायलरांपैकी हा एक. त्याच्या मदतीला आधीचा कंपायलर कुठला असायला? सगळं हातानंच रचलेलं. कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, असं म्हणत सुरुवातीला कुणी विश्वासच ठेवेना.

पण बाई थांबल्या नाहीत. साध्या इंग्रजी शब्दांत सूचना देता येतील अशी ‘फ्लो-मॅटिक’ भाषा त्यांनी केली. तिच्या पायावर १९५९ साली ‘कोबोल’चं काम सुरू झालं. आजही कितीतरी बँकांचे हिशेब कोबोलवर चालतात. १९६६ साली निवृत्त झालेल्या ग्रेसबाईंना नौदलानं पुढच्याच वर्षी परत बोलावलं. १९८६ साली एकोणऐंशीव्या वर्षी त्या रिअर अ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं.

खरं सांगू? आमच्या बचत गटाचा हिशेब मी वहीत लिहिते आणि कॉम्प्युटरवर लेकीकडून उतरवून घेते. आता या वयात कुठे शिकायचं, हे माझं ठरलेलं उत्तर. ग्रेसबाई सदतिशीत नव्यानं शिकायला बसल्या, हे कळल्यावर मात्र ते उत्तर द्यायची लाज वाटली. काल लेकीला बाजूला बसवलं आणि पहिलं पान माझं मीच भरलं. तासभर लागला, दोनदा चुकलं. पण विरजण तर लागलं!