सावित्रीबाईंचा यशवंत

मुंबई नाक्यावर जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचे पुतळे आपण जाता-येता पाहतो. त्यांच्या शाळा सर्वांना ठाऊक आहेत. पण या दाम्पत्याला मूल झाले नाही, हे कितीजणांच्या ध्यानात असते?

१८४० साली त्यांचे लग्न झाले. वर्षे गेली, पाळणा हलला नाही. जोतीरावांनी दुसरी बायको करावी, असा घरच्यांचा आग्रह सुरू झाला. त्यांनी तो मानला नाही. दोष नवऱ्यात असेल तर बायकोने दुसरा नवरा केलेला चालेल का, असा त्यांचा सवाल असे. सावित्रीबाईंना काय वाटले असेल, ते आम्ही कशाला सांगावे? मिस्सा सुटल्यावर ज्यांना आपण गोड बातमी कधी म्हणून हसत विचारतो, त्या बहिणी ते जाणतात.

१८६३ मध्ये दोघांनी फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी आपले घर उघडले. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला. तोच यशवंत, पुढे डॉक्टर झाला.

१८९० मध्ये जोतीराव वारले. यशवंत दत्तक, म्हणून त्याने टिटवे धरायला भाऊबंदांनी हरकत घेतली. प्रेत दारात असताना हा वाद! सावित्रीबाईंनी टिटवे स्वतः उचलले आणि त्या अंत्ययात्रेपुढे चालल्या.

१८९७ साली पुण्यात प्लेगची साथ असताना मायलेकांनी हडपसरजवळ माळावर दवाखाना मांडला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले. त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्चला त्या वारल्या.