वनात न गेलेले नाथ



आजच्या वाचनात एकनाथी भागवताचा १८ वा अध्याय आला. वानप्रस्थ आणि संन्यास यांचे धर्म भगवंत उद्धवाला सांगतात, तो. वय झालं की घर मुलांवर सोपवावं आणि वनाची वाट धरावी, इथून त्याची सुरुवात. गंमत म्हणजे यावर ओव्या लिहिणारे नाथ स्वतः शेवटपर्यंत पैठणच्या वाड्यातच राहिले. म्हणून आज अर्थ बाजूला ठेवून नाथांबद्दलच लिहितो.

जन्म १५३३ च्या सुमारास. आईवडील लवकर गेले, आजी-आजोबांनी वाढवलं. पोरवयातच घरी न सांगता देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. स्वामी किल्ल्याचे अधिकारी, त्यामुळे गुरुगृही ध्यानही होतं आणि दफ्तरही. हिशेबात एका पैची चूक लागेना म्हणून नाथ रात्रभर वह्या चाळत बसले आणि ती सापडल्यावर आनंदानं टाळ्या पिटू लागले, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. (रात्री दोनला बग सापडतो तेव्हाचा आनंद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ती जास्त कळेल.) स्वामींनी त्यांना हिशेब सोडायला सांगितलं नाही, हीच एकाग्रता देवाकडे लावायला सांगितलं.

पुढे तीर्थयात्रेहून परतताना पैठणात आजोबांनी स्वामींचं पत्र हातात दिलं. वाचशील तिथेच राहा, अशी आज्ञा. नाथ तिथेच थांबले. मग गिरिजाबाईंशी लग्न, मुलं, रोजचं अन्नदान, कीर्तन, लेखन. भागवत १५७३ मध्ये काशीत पूर्ण झालं, तेव्हा वय चाळिशीच्या आसपास. पन्नाशीच्या सुमारास, १५८४ मध्ये, त्यांनी प्रती ताडून ज्ञानेश्वरी शुद्ध केली. आपली एकही ओवी त्यात घुसवली नाही.

आपल्यात हल्ली एक बोलणं फार ऐकू येतं: पंचेचाळिशीपर्यंत पैसा कमवू, मग नोकरी सोडून साधना. प्लॅन वाईट नाही. पण नाथांच्या चरित्रात असा ‘मग’ कुठे सापडत नाही.

त्यांची खरी परीक्षा घरातच झाली, तीही उतारवयात. मुलगा हरिपंडित मोठा विद्वान. वडील प्राकृतात पुराण सांगतात, कुणाच्याही घरी जेवतात, हे त्याला सहन होईना. तो काशीला निघून गेला. नाथ स्वतः त्याला आणायला गेले. त्यानं दोन अटी घातल्या: पुराण संस्कृतातच सांगायचं आणि परान्न घ्यायचं नाही. ज्या भाषेसाठी जन्म घालवला, तीच सोडायची! नाथांनी दोन्ही अटी मान्य केल्या. हरिपंडित पुराण सांगू लागला आणि श्रोते हळूहळू गळाले. नाथांनी त्यावर चकार शब्द काढला नाही. मला पानांच्या चमत्कारापेक्षा हे गप्प राहणं मोठं वाटतं.

चमत्कार असा सांगतात: एका बाईचा सहस्रभोजनाचा संकल्प होता, पण ऐपत उरली नव्हती. तिनं नाथांना एकट्यालाच जेवायला बोलावलं. या वेळी नाथ गेले, पण मुलाला सोबत घेऊन. जेवण झाल्यावर हरिपंडित वडिलांचं उष्टं पान उचलू लागला, तर खाली दुसरं पान, त्याखाली तिसरं, अशी हजार पानं निघाली. तो पायांवर पडला. वाड्यात पुन्हा मराठी कीर्तन सुरू झालं.

अखेरच्या काळात नाथ भावार्थ रामायण लिहीत होते. १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला गोदावरीत देह ठेवला तेव्हा युद्धकांड अर्धंच झालं होतं. पुढचा भाग त्यांचा शिष्य गावबा यानं पूर्ण केला. पुरणपोळीच्या ओढीनं वाड्यात येऊन राहिलेला, लोक ज्याला मंद समजायचे तोच गावबा.