रुजू न झालेल्या डॉक्टरीणबाई

कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय, अर्थात सर्वांच्या तोंडी असलेले ‘सीपीआर’, पूर्वी आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल या नावाने ओळखले जाई. १८८६ मध्ये करवीर संस्थानाने या रुग्णालयाच्या स्त्री-विभागाची जबाबदारी डॉ. आनंदीबाई जोशी यांच्यावर सोपविली. पुरुष डॉक्टरपुढे दुखणे उघड करण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या स्त्रियांच्या त्या काळात ही नेमणूक असामान्यच होती. परंतु आनंदीबाई त्या पदावर रुजू होऊ शकल्या नाहीत. फुप्फुसांच्या क्षयाने त्यांना वर्षभराचीही सवड दिली नाही.

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या, माहेरच्या यमुनेचा विवाह वयाच्या नवव्या वर्षी गोपाळराव जोशी या बिजवराशी झाला. गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते. पत्नीला शिकविण्याचा त्यांचा ध्यास अस्सल होता, पण त्याला जाचाची धारही होती. अभ्यासात कुचराई झाली की मारहाण करायलाही ते मागेपुढे पाहत नसत. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत गेला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर मूल वाचले असते, ही बोचणी त्यांच्या मनातून गेली नाही. डॉक्टर होण्याच्या निश्चयाचे मूळ तेथे आहे.

या निश्चयाला वाट फुटली तीही कोल्हापुरातूनच. गोपाळरावांची बदली येथे झाली असताना त्यांनी पत्नीच्या अमेरिकेतील शिक्षणासाठी मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला. कोल्हापुरात मिशनचे काम करून मायदेशी परतलेल्या रॉयल वाइल्डर यांनी तो आपल्या नियतकालिकात छापला. मात्र मदतीची अपेक्षा असेल तर धर्मांतर करावे, असे सुचविले. जोशी दांपत्याला ते मान्य नव्हते. १८८० मध्ये हा मजकूर न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला. त्यांनी स्वतःहून पत्र लिहिले आणि पुढे त्या आनंदीबाईंच्या ‘मावशी’च झाल्या.

प्रकृतीने साथ द्यायची नाही हे मात्र अमेरिकेस जाण्याआधीच दिसू लागले होते. बंगालमधील मुक्कामात अशक्तपणा, सततची डोकेदुखी, मधूनमधून ताप आणि धाप यांनी आनंदीबाईंना ग्रासले. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून औषधे पाठविली. गुण आला नाही. तरीही श्रीरामपूर येथे फेब्रुवारी १८८३ मध्ये जाहीर भाषणातून आपल्या परदेशगमनाची कारणे सांगून, ७ एप्रिलला त्यांनी कोलकात्याहून पतीवाचून प्रस्थान ठेवले.

फिलाडेल्फियातील वूमन्स मेडिकल कॉलेजमध्ये अभ्यासाचा डोंगर होताच, त्यात थंडीचा कडाका. खोलीतील शेगडी धुमसे. ती पेटविली तर धूर आणि न पेटविली तर गारठा. आहार शाकाहारी, अंगावर नऊवारी. क्षयाला पोषक असे सारे काही जमून आले होते. अशा स्थितीत हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी मिळविली. समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरचे बोलावणे आले ते त्याच वर्षी.

आनंदीबाईंच्या दुखण्यातील खरी शोकांतिका येथे आहे. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केले होते, म्हणजे त्यांच्या प्रस्थानाच्या जेमतेम वर्षभर आधी. शत्रूचे नाव कळले होते. शस्त्र मात्र कोणापाशीच नव्हते. मोकळी हवा, विश्रांती, दूध, कॉड माशाचे तेल, तापावर क्विनीन किंवा सॅलिसिलेट, खोकल्यावर अफूचा अर्क, एवढाच काय तो उपचार. सॅलिसिलेटने ताप उतरे, दाह शमल्यासारखा वाटे. जंतू मात्र शाबूत राहत. क्षयात फुप्फुसाची पोखरण जंतूंमुळे होते, तशीच त्यांच्याशी लढणाऱ्या शरीराच्या दाहामुळेही होते, हे बरेच पुढे उमगले. आज क्षयजन्य मेंदुज्वरात दाह आवरण्यासाठी स्टेरॉइड देतात, पण जंतुनाशक औषधांच्या जोडीनेच. नुसता दाह दाबला तर जंतूंना मोकळे रानच मिळते. क्षयाच्या जंतूंवर चालणारे स्ट्रेप्टोमायसिन हाती आले १९४३ मध्ये. आनंदीबाईंच्या पदवीनंतर तब्बल सत्तावन्न वर्षांनी!

१८८६ च्या अखेरीस ही तरुण डॉक्टर मायदेशी परतली ती रुग्ण म्हणून. पुण्यात उपचार सुरू झाले, कोल्हापूरचे पद वाट पाहत राहिले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्यास महिना उरला असताना, आनंदीबाईंनी प्राण सोडला. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती विसावली आहे. पुढल्याच वर्षी कॅरोलिन डॉल यांनी इंग्रजीत त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले.

कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्री डॉक्टर आली, पण त्यासाठी विसावे शतक उजाडावे लागले. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत डॉ. कृष्णाबाई केळवकर आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये रुजू झाल्या.