रेषेचा रियाज : चित्रकार के. के. हेब्बर

बंगळुरूच्या कस्तुरबा मार्गावरील वेंकटप्पा कलादालन ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते के. वेंकटप्पा हे अवनींद्रनाथ टागोरांचे शिष्य आणि नामवंत चित्रकार होते. मात्र वीणेचेही त्यांना तितकेच वेड होते आणि म्हैसूरच्या वीणा शेषण्णांकडे त्यांनी रीतसर तालीम घेतली होती. याच वास्तूत पुढे ज्यांच्या कलाकृतींना स्वतंत्र दालन मिळाले, ते कट्टिंगेरी कृष्ण हेब्बर हेही अशाच एका दुसऱ्या कलेच्या ओढीने झपाटलेले होते. ती कला नृत्याची. कर्नाटकात जन्मलेल्या आणि मुंबईत घडलेल्या या चित्रकाराची ओळख मराठी रसिकांना नवी नाही. परंतु त्यांच्या रेषेमागे पायांत घुंगरू बांधून केलेली मेहनत होती, हे फारसे सांगितले जात नाही.

हेब्बर यांचा जन्म १९११ मध्ये उडुपीजवळच्या कट्टिंगेरी या खेड्यात झाला. वडील गणपतीच्या मूर्ती घडवीत असत. ओल्या मातीतून सोंडेचे वळण, पोटाची गोलाई आकाराला येताना पाहणे, हाच या मुलाचा कलेशी पहिला परिचय होता. दुसरा परिचय यक्षगानाचा. रात्रभर चालणारे हे लोकनाट्य, चेंडे-मद्दळेचा घोष, रंगवलेले चेहरे आणि भव्य मुकुट यांनी किनारपट्टीच्या त्या प्रदेशातील कित्येक पिढ्यांचे बालपण भारून टाकलेले आहे. हेब्बर यांचे घर मात्र गरिबीचे होते. चित्रकला हे पोट भरण्याचे साधन होऊ शकेल, असे त्या काळी त्या परिसरात कोणालाही वाटण्यासारखे नव्हते.

म्हैसूरच्या चामराजेंद्र तांत्रिक संस्थेत काही काळ शिक्षण घेतल्यानंतर हेब्बर मुंबईस आले. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९३८ मध्ये त्यांनी पदविका मिळविली आणि १९४० पासून तेथेच अध्यापन सुरू केले. तेथे शिकविले जाणारे पाश्चात्य वळणाचे यथार्थ चित्रण त्यांना उत्तम साधले होते. प्रतिमा हुबेहूब उतरत होती, पण ती आपली वाटत नव्हती. ही अस्वस्थता त्यांना जैन हस्तलिखितांतील लघुचित्रांकडे, केरळच्या प्रवासाकडे आणि अमृता शेरगिल व गोगँ यांच्या चित्रांकडे घेऊन गेली. नोकरीचे बंधनही त्यांनी पाचेक वर्षांतच सोडले. महिन्याचा निश्चित पगार सोडून केवळ चित्रांवर जगणे हे १९४५ च्या सुमारास मोठेच धाडस होते. पुढे १९४९-५० मध्ये त्यांनी पॅरिसच्या अकादमी ज्युलियाँमध्ये अध्ययन केले.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत वेगळे प्रकरण कथकाचे आहे. जयपूर घराण्याचे पंडित सुंदरप्रसाद यांच्याकडे हेब्बर यांनी सुमारे दोन वर्षे कथकाचे धडे घेतले. रंगमंचावर उभे राहण्याची त्यांना हौस नव्हती. सामान्यतः ज्या वयात कोणी नृत्य शिकावयास जात नाही, त्या वयात ते गेले, याचे कारण त्यांना लय समजून घ्यावयाची होती, आणि ती पाहून नव्हे, तर स्वतःच्या शरीरातून. ततकाराच्या वेळी शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर कसा जातो, चक्कर घेताना कंबर आधी वळते की खांदा, समेवर येताना श्वास कुठे थांबतो, या गोष्टी प्रेक्षागृहातील खुर्चीवर बसून पुरत्या कळत नाहीत.

याचा परिणाम त्यांच्या रेखाचित्रांत दिसतो. शाईने काढलेल्या रेषेला दुरुस्ती नसते. पेन्सिलीची चूक रबराने पुसता येते, तैलरंगातील चूक दुसऱ्या थराखाली झाकता येते; शाईची रेषा एकदा उमटली की उमटली. छायाप्रकाशाचा आधारही हेब्बर बहुतेक वेळा घेत नसत. एखाद-दुसरी लांब, न तुटणारी रेषा, तिच्या कमी-अधिक जाडीतून सूचित होणारे वजन, आणि बाकी सारा कोरा कागद. नर्तकी नाचून थांबते, तेव्हा रेषाही संपलेली असते. असे चित्र अर्ध्या मिनिटात झाले तरी त्यामागे वर्षानुवर्षांची बैठक लागते, हे संगीताच्या श्रोत्यांना निराळे सांगावयास नको. नृत्याच्या आणि गायनाच्या कार्यक्रमांत बसून हेब्बर रेखाटने करीत असत. गायक सुरांचा रियाज करतो, तसा त्यांचा हा रेषेचा रियाज होता. नर्तकांबरोबरच वादक, पाणी भरणाऱ्या स्त्रिया, बैल, कष्टकरी असे सारे त्यात येऊन गेले. त्यातील निवडक रेखाचित्रांचे ‘द सिंगिंग लाइन’ हे पुस्तक १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. या नावाचे मराठी ‘गाणारी रेषा’ असे सहज होते, तरी हेब्बर यांच्या बाबतीत ‘नाचणारी रेषा’ म्हणणे अधिक योग्य ठरले असते, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचा उदय झाला. सूझा, रझा, हुसेन यांच्या बंडखोरीच्या त्या काळात हेब्बर या गटात सामील झाले नाहीत. त्यांची चित्रे फार गोड, फार सजावटी आहेत, असा आक्षेप घेतला गेला. काही रंगचित्रांपुरता तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. रंगांची मोहकता कधी कधी विषयाची धार बोथट करते. रेखाचित्रांना मात्र हा आक्षेप लागू पडत नाही. तेथे लपण्यास जागाच नसते.

मानसन्मान यथाकाल आले. १९६१ मध्ये पद्मश्री आणि १९८९ मध्ये पद्मभूषण या किताबांनी शासनाने त्यांचा गौरव केला. ललित कला अकादमीची अधिछात्रवृत्तीही त्यांना मिळाली. मुंबई हे कार्यक्षेत्र राहिले, तरी जन्मभूमीचा विसर पडला नाही. आपल्या अनेक कलाकृती त्यांनी बंगळुरूच्या वेंकटप्पा कलादालनास भेट दिल्या. चित्रकाराने आपली चित्रे विकण्याऐवजी सार्वजनिक ठिकाणी ठेवावयास देणे ही आपल्याकडे तशी दुर्मीळच गोष्ट. २६ मार्च १९९६ रोजी मुंबईत हेब्बर यांचे निधन झाले. वीणेसाठी काही काळ कुंचला बाजूस ठेवणारे वेंकटप्पा आणि रेषेसाठी घुंगरू बांधणारे हेब्बर, या दोघांचे काम अशा रीतीने बंगळुरूत एकाच छपराखाली आले.