बहिष्कृत आल्वारिस

सप्टेंबर १९२३. पणजीजवळच्या रायबंदर येथील रुग्णालयात ८७ वर्षांचे एक धर्मगुरू मृत्युशय्येवर होते. कॅथॉलिक चर्चने त्यांना बहिष्कृत केल्याला तीन दशकांहून अधिक काळ लोटला होता. त्यांनी परत यावे म्हणून गोव्याच्या पॅट्रिआर्कने पाद्री पाठविले. आंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर आल्वारिस यांनी नकार दिला.

आल्वारिस यांचा जन्म २९ एप्रिल १८३६ रोजी गोव्यातील वेर्णा येथे झाला. धर्मगुरू झाल्यावर त्यांनी पोर्तुगीज भाषेत वृत्तपत्रे चालविली आणि चर्च व सरकार या दोहोंवर टीका केली. भारतातील चर्चवर अधिकार कोणाचा, पोर्तुगालच्या राजाचा की थेट रोमचा, हा वाद तेव्हा धगधगत होता. १८८६ च्या करारात पोपने राजाचा अधिकार बराच आकुंचित केला. या निर्णयाने दुखावलेल्या गोवेकर कॅथॉलिकांचे नेतृत्व करीत आल्वारिस रोमपासून दुरावले आणि केरळच्या मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गेले. २८ जुलै १८८९ रोजी ते मार ज्युलिअस या नावाने आर्चबिशप झाले.

धर्मबहिष्कार म्हणजे आपल्याकडचे वाळीत टाकणे नव्हे. बाप्तिस्मा पुसला जात नाही. परंतु ख्रिस्तप्रसाद, पापनिवेदन असे संस्कार बंद होतात. तत्कालीन धर्मकायद्यानुसार अशा व्यक्तीला चर्चचा अंत्यविधीही नाकारला जाई. शिक्षेचा हेतू मात्र सुधारणेचा असल्याने पश्चात्ताप होताच ती मागे घेता येते. म्हणूनच रायबंदरच्या त्या नकाराचे मोल मोठे.

सरकारनेही त्यांना सोडले नाही. त्यांचे ‘ओ ब्रादो इंदियानो’ हे पत्र १८९५ मध्ये बंद पाडण्यात आले. त्यांना अटक झाली, बिशपची वस्त्रे उतरवून पणजीच्या रस्त्यांवरून नेण्यात आले. न्यायालयात आरोप टिकला नाही. त्यानंतरचे आयुष्य त्यांनी पणजीतील निराधार व रुग्णांना दिले. त्यांच्यासाठी आश्रम काढला, पैसे संपले तेव्हा स्वतः भिक्षा मागितली. कॉलऱ्यावरील उपचारांची पुस्तिकाही त्यांनी लिहिली. एकेकाळी राजाच्या हक्कासाठी रोमशी भांडलेल्या माणसाला त्याच राजाच्या सरकारने बेड्या घालाव्यात, हा विचित्रच न्याय!

२३ सप्टेंबर १९२३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे पार्थिव पालिकेच्या सभागृहात दर्शनासाठी ठेवण्यात आले. भिकारी, गरीब आणि शहरातील प्रतिष्ठित सारेच तेथे लोटले. कॅथॉलिक विधींविना सांतिनेज दफनभूमीच्या एका कोपऱ्यात त्यांना पुरण्यात आले. चार वर्षांनी चाहत्यांनी अस्थी गोळा करून त्याच दफनभूमीत पुन्हा पुरल्या, वर संगमरवरी शिला बसविली आणि मोठा क्रूस उभारला.

आज त्यांच्या अस्थी रायबंदरच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आहेत. मलंकारा चर्चने २०१५ मध्ये त्यांना संतपद दिले.