डेल्फ्टचा कापड दुकानदार

मी कॉमर्सचा विद्यार्थी. घरी मराठी, बाजारात कानडी आणि वर्गात मात्र इंग्रजी! विज्ञानाशी माझा संबंध दहावीलाच संपला होता. पण गेल्या पावसाळ्यात आईला पिठाच्या डब्याला कसलासा वास आला. मी रात्री पीठ सपाट करून ठेवले, तर सकाळी ते खडबडीत झालेले. चिमूटभर पीठ काळ्या कागदावर पसरून भिंगातून पाहिले आणि थक्क झालो. पांढुरके ठिपके चालत होते! हे माइट, कोळ्याच्या कुळातले आठ पायांचे जीव. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. भिंगावर मोबाइल टेकवून फोटो काढले. बहुतेक अस्पष्टच आले. पण त्या निमित्ताने मी अँटोनी व्हॅन लेव्हेनहूक यांचे चरित्र वाचले.

हॉलंडमधील डेल्फ्ट गावी १६३२ साली त्यांचा जन्म झाला. वडील टोपल्या विणत. ते लवकरच वारले. सोळाव्या वर्षी अँटोनी ॲम्स्टरडॅमला कापडाच्या पेढीवर उमेदवारीला राहिले आणि पुढे गावी येऊन त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. कापडाचे व्यापारी सूत पारखायला भिंग वापरीत. यांना त्या भिंगाचेच वेड लागले. त्यांनी स्वतः काच घासून शेकडो भिंगे बनविली. त्यांतील एक आजही उपलब्ध असून ते वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवते.

चीजच्या सालीवरचे आणि पिठातले माइट त्यांनी न्याहाळले. पुढे तळ्याच्या पाण्यात त्याहून हजारपटीने लहान जीव दिसले, तेव्हा मापासाठी त्यांनी तुलना केली ती या माइटशीच. चित्रकला येत नसल्याने ते पदरचे पैसे देऊन चित्रकाराकडून आकृत्या काढून घेत.

त्यांना लॅटिन येत नव्हते, आणि विद्वानांची भाषा तर तीच! तरीही १६७३ पासून त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला आपल्या साध्या डच भाषेत पत्रे लिहिली. १६७६ च्या पत्रातील सूक्ष्म जीवांवर प्रथम कोणाचा विश्वास बसेना. त्यांनी गावातील प्रतिष्ठितांच्या साक्षी पाठविल्या. अखेर १६७७ मध्ये रॉबर्ट हूक यांनी ते जीव स्वतः पाहिले आणि शंका फिटली. १६८० मध्ये सोसायटीने या दुकानदाराला सभासद करून घेतले. १७२३ साली, नव्वदाव्या वर्षी, ते वारले. अखेरपर्यंत त्यांचे लिहिणे चालूच होते.

डेल्फ्टजवळच्याच लायडन येथील संशोधकांनी १९६० च्या दशकात घरातील धुळीतल्या माइटचा दम्याशी संबंध दाखवून दिला. क्षुद्र म्हणून सोडून दिलेली गोष्ट अशी माणसाच्या श्वासापर्यंत पोहोचते.

इंग्रजी चुकेल या भीतीने मराठी माध्यमातून आलेली आम्ही मुले वर्गात गप्प बसतो. लेव्हेनहूक तसे गप्प बसले असते तर? परवा तासाला मी उभा राहिलो आणि अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत प्रश्न विचारला. मागच्या बाकावर कोणी तरी हसले. सरांनी मात्र पूर्ण उत्तर दिले.