मदतीआधी माणूस ओळखणाऱ्या मेरी रिचमंड

गरजवंताच्या हाती चार पैसे ठेवणे सोपे असते. त्याच्यावर ही वेळ का आली हे जाणून घेणे आणि तो पुन्हा आपल्या पायांवर उभा राहीपर्यंत त्याच्या सोबत चालणे मात्र कठीण असते. आज रुग्णालयांत, बालगृहांत, कुटुंब न्यायालयांत आणि समुपदेशन केंद्रांत प्रशिक्षित समाजकार्यकर्ते हे कठीण काम करतात. एका वेळी एकाच व्यक्तीचा वा कुटुंबाचा प्रश्न हाती घेऊन तो तडीस नेण्याच्या या पद्धतीला व्यक्तिसहाय्य कार्य अथवा केसवर्क म्हणतात. या पद्धतीला शास्त्राची बैठक ज्यांनी दिली, त्या अमेरिकन समाजसेविका मेरी एलन रिचमंड यांचे जीवन सेवाकार्यात रस असणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावे असे आहे.

पोरके बालपण

मेरी रिचमंड यांचा जन्म ५ ऑगस्ट १८६१ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात बेलव्हिल या गावी झाला. वडील घोडागाड्यांचे लोहारकाम करीत. मेरी अवघी तीन-चार वर्षांची असताना क्षयरोगाने तिची आई दगावली. आजी आणि दोन मावश्या यांनी बाल्टिमोर शहरात या पोरक्या मुलीचा सांभाळ केला. आजी करारी स्वभावाची होती. स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळावा यासाठी ती हिरिरीने बोलत असे आणि घरात सामाजिक प्रश्नांवरील चर्चा नित्याच्याच होत्या. शाळेतील शिक्षणावर आजीचा विश्वास नसल्यामुळे अकराव्या वर्षापर्यंत मेरी घरीच, पुस्तकांच्या सहवासात शिकली. १८७८ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, तिने माध्यमिक शिक्षण पूर्ण केले. महाविद्यालयाची पायरी चढण्याचे भाग्य तिला लाभले नाही.

शाळा संपताच ती एका मावशीबरोबर न्यूयॉर्कला गेली आणि एका छोट्या प्रकाशनसंस्थेत नोकरी करू लागली. पुढे मावशी आजारी पडून बाल्टिमोरला परतली आणि कोवळ्या वयाची मेरी त्या अफाट शहरात एकटी राहिली. दिवसभराचे काबाडकष्ट, तुटपुंजे वेतन, एकाकीपण आणि त्यात हिवताप! अखेर तीही बाल्टिमोरला परत आली आणि हिशेब लिहिण्याची कामे करू लागली. गरिबी, आजारपण आणि एकटेपणा एकाच वेळी वाट्याला आले की माणसाचे काय होते, हे पुस्तकात वाचण्यापूर्वी तिने स्वतः सोसले होते.

हिशेबाच्या वहीपलीकडे

१८८९ साली बाल्टिमोरच्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीला साहाय्यक खजिनदार हवा असल्याची जाहिरात मेरी यांच्या वाचनात आली. त्यांनी अर्ज केला आणि त्यांची निवड झाली. अशा संस्थांची सुरुवात १८६९ साली लंडन येथे झाली होती आणि १८७७ साली बफेलो शहरात पहिली अमेरिकन संस्था उभी राहिली होती. शहरातील विखुरलेल्या दानधर्मात सुसूत्रता आणणे आणि सुखवस्तू घरांतील स्वयंसेवकांना गरिबांच्या घरी मित्र या नात्याने भेटीस पाठवणे, अशी त्यांची कार्यपद्धती होती.

गरिबांच्या घरी जाण्याची ही रीत कॅथोलिक वाचकांना नवी वाटणार नाही. पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांचे विद्यार्थी मित्र यांनी स्थापन केलेल्या संत विन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद कितीतरी आधीपासून अशा गृहभेटी देत आले होते.

नव्या कामाची ओळख व्हावी म्हणून मेरी यांना बॉस्टनला पाठवण्यात आले. तेथे झिल्फा स्मिथ या अनुभवी कार्यकर्तीकडून त्यांना पुष्कळ शिकावयास मिळाले आणि हा स्नेह आयुष्यभर टिकला. परतल्यावर त्यांनी हिशेबाच्या वहीत स्वतःला कोंडून घेतले नाही. त्या स्वतः गरीब वस्त्यांत घरोघरी जाऊ लागल्या. दोनच वर्षांत, १८९१ साली, संस्थेचे सरचिटणीसपद त्यांच्याकडे आले.

या गृहभेटींतून त्यांना एक गोष्ट तीव्रतेने जाणवली. भेटीस जाणाऱ्यांच्या मनात कळवळा होता. परंतु काय पाहावे, काय विचारावे आणि कोणती मदत द्यावी याचे ज्ञान नव्हते. लायक गरीब आणि नालायक गरीब असा निवाडा करण्याची घाई मात्र बहुतेकांना असे. चुकीच्या औषधाने रोग्याची हानी होते, तशी चुकीच्या मदतीने कुटुंबाचीही हानी होऊ शकते. म्हणून १८९७ साली टोरंटो येथे भरलेल्या सेवासंस्थांच्या परिषदेत, या कामासाठी स्वतंत्र प्रशिक्षण विद्यालय हवे, अशी मागणी त्यांनी केली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क येथे उन्हाळी वर्ग सुरू झाला. त्यातूनच पुढे कोलंबिया विद्यापीठाचे समाजकार्य विद्यालय आकारास आले. १८९९ साली स्वयंसेवकांसाठी लिहिलेले गृहभेटींविषयीचे त्यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले.

शेजारधर्माचा नवा अर्थ

१९०० साली फिलाडेल्फिया शहरातील अशाच एका संस्थेची धुरा मेरी रिचमंड यांनी स्वीकारली. तेथे एकेका कुटुंबाला मदत करताना कायद्यातील उणिवाही त्यांना दिसू लागल्या. बायकामुलांना वाऱ्यावर सोडून जाणाऱ्या पतींवर पोटगीची सक्ती व्हावी, बालमजुरीला आळा बसावा, बालन्यायालये स्थापन व्हावीत, यासाठी त्यांनी इतरांच्या साथीने प्रयत्न केले. १९०७ साली आधुनिक शहरातील चांगल्या शेजाऱ्याविषयीचे त्यांचे पुस्तक आले. ते शीर्षक वाचताच शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी आठवल्यावाचून राहत नाही. त्या शोमरोन्याने जखमांना पट्टी बांधली, जखमीला उतारशाळेत नेले, उतारशाळेच्या मालकाला त्याच्या सेवेत सहभागी करून घेतले आणि परत आल्यावर वाढीव खर्च फेडण्याचे आश्वासनही दिले. तातडीची मदत, योग्य ठिकाणी पोहोचवणे, इतरांचे सहकार्य मिळवणे आणि पाठपुरावा हे केसवर्कचे सारे टप्पे त्या दाखल्यात आहेत.

सामाजिक निदान

१९०९ साली न्यूयॉर्क येथील रसेल सेज फाउंडेशनमध्ये सेवासंस्थांसाठीच्या विभागाच्या प्रमुखपदी मेरी रिचमंड यांची नियुक्ती झाली आणि अखेरपर्यंत त्या तेथेच राहिल्या. निरनिराळ्या शहरांतील संस्थांच्या नोंदवह्यांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. फ्रेड हॉल यांच्यासमवेत त्यांनी ९८५ विधवांच्या परिस्थितीचा अहवाल १९१३ साली प्रसिद्ध केला.

१९१५ साली बाल्टिमोर येथील परिषदेत वैद्यकीय शिक्षणाचे अभ्यासक अब्राहम फ्लेक्सनर यांनी समाजकार्याला खऱ्या अर्थाने व्यवसाय म्हणता येणार नाही, असे मत मांडले. दोन वर्षांनी, १९१७ साली, मेरी रिचमंड यांचा 'सोशल डायग्नोसिस' म्हणजे सामाजिक निदान हा पाचशेहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यामागे सुमारे पंधरा वर्षांची तयारी होती. पण फ्लेक्सनर यांच्या आक्षेपाला ते जणू सविस्तर उत्तरच ठरले.

या ग्रंथात त्यांनी निदानाचे टप्पे आखून दिले. पहिला टप्पा सेवार्थीच्या, म्हणजे मदत मागणाऱ्याच्या, पहिल्या सविस्तर भेटीचा. ही भेट एकांतात आणि घाई न करता व्हावी, त्याला मनमोकळेपणाने बोलू द्यावे आणि भेटीची अखेरची काही मिनिटे आशादायक बोलण्यासाठी राखून ठेवावीत, म्हणजे तो हलक्या मनाने घरी जाईल. दुसरा टप्पा कुटुंबीयांच्या भेटीचा. तिसऱ्या टप्प्यात नातेवाईक, डॉक्टर, शिक्षक, पूर्वीचे मालक अशा बाहेरच्या व्यक्तींकडून माहिती आणि सहकार्य मिळवावयाचे. सध्याच्या शेजाऱ्यांकडे चौकशी मात्र शक्यतो टाळावी. कारण त्यातून कुजबुज वाढते आणि अडचणीतील कुटुंबाची अब्रू जाते. चौथ्या टप्प्यात हाती आलेली सर्व माहिती तोलून पाहावयाची. त्यासाठी त्यांनी कायद्यातील पुराव्याच्या नियमांचा आधार घेतला. स्वतः पाहिलेले कोणते, कोणाच्या तोंडून ऐकलेले कोणते आणि परिस्थितीवरून केलेला तर्क कोणता, हे वेगवेगळे ठेवावे, असा त्यांचा आग्रह होता. ऐकीव गोष्टीवरून कोणाला आळशी, व्यसनी वा लबाड ठरवणे त्यांना मान्य नव्हते.

निदानानंतर उपाययोजना येते. १९२२ साली केसवर्क म्हणजे काय हे सांगणारे एक छोटे पुस्तक त्यांनी लिहिले. माणूस आणि त्याच्या भोवतीची परिस्थिती यांचा मेळ जाणीवपूर्वक घालून त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास साधणे, हे केसवर्कचे ध्येय त्यांनी सांगितले. त्यासाठी व्यक्तीची जाण हवी आणि तिच्या परिसरातील आधारांचीही जाण हवी. मग एका मनाने दुसऱ्या मनाला थेट साथ द्यावयाची आणि आजूबाजूच्या परिस्थितीतही बदल घडवावयाचा.

हे पटवून देण्यासाठी त्यांनी हेलन केलर आणि तिची शिक्षिका अ‍ॅन सलिव्हन यांचे उदाहरण घेतले. आयरिश स्थलांतरितांची ही मुलगी, अ‍ॅन, बालपणीची काही वर्षे सरकारी गरीबगृहात राहिली होती आणि तिची स्वतःची दृष्टीही अधू होती. १८८७ साली ती हेलनच्या घरी आली, तेव्हा ही अंध व मूकबधिर मुलगी जेवताना प्रत्येकाच्या ताटात हात घालीत असे आणि दयेपोटी घरचे लोक तिला अडवीत नसत. अ‍ॅनने हे नीट पाहिले. काही दिवस हेलनला घेऊन ती जवळच्याच एका छोट्या घरात वेगळी राहिली. तेथे हेलन तिचे ऐकू लागली आणि मगच शब्दांचे दार उघडले. अ‍ॅनने आधी मुलीचा स्वभाव ओळखला, मग परिस्थिती बदलली आणि शेवटपर्यंत तिची साथ सोडली नाही. समाजकार्याचे कोणतेही शिक्षण नसलेल्या या तरुणीत मेरी रिचमंड यांना केसवर्कचा आदर्श दिसला.

मतभेद आणि मर्यादा

मेरी रिचमंड यांची सर्वच मते काळाच्या कसोटीला उतरली असे नाही. शिकागोत जेन अ‍ॅडम्स यांनी १८८९ सालीच हल हाउस स्थापन केले होते. त्यांच्या पंथाचे कार्यकर्ते गरिबांच्या वस्तीत राहत आणि कमी मजुरी, कोंदट घरे व अन्यायी कायदे यांविरुद्ध लढत. समाजच आजारी असताना एकेका व्यक्तीवर उपचार करून काय साधणार, हा त्यांचा प्रश्न होता. दोन्ही मार्ग परस्परांना पूरक आहेत, असे मेरी यांचे मत होते. तथापि, निराधार मातांना सरकारने निवृत्तिवेतन द्यावे या मागणीला त्यांनी विरोध केला. पैसे देऊन सरकार मोकळे होईल आणि त्या मातेची विचारपूस करणारे कोणी उरणार नाही, ही त्यांची भीती होती. पुढे १९२९ नंतरच्या महामंदीत खाजगी दानाची झोळी अपुरी पडली आणि १९३५ साली अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला. मदत हा गरिबाचा हक्कही असू शकतो, हे त्या कायद्याने मान्य केले. परंतु हक्काचे पैसे मिळूनही माणसाला ऐकून घेणाऱ्याची गरज उरतेच, हा मेरी यांचा मुद्दा आजही खोटा ठरलेला नाही.

पदवी नसलेल्या या विदुषीला १९२१ साली स्मिथ महाविद्यालयाने मानद पदवी देऊन गौरविले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत बालविवाह आणि विवाहविषयक कायदे हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. कर्करोगाने १२ सप्टेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

त्यांनी घातलेल्या पायावर पुढच्या पिढ्यांनी बांधकाम केले. शिकागोच्या लोयोला विद्यापीठातील येशूसंघीय धर्मगुरू फादर फेलिक्स बिस्टेक यांनी १९५७ साली कार्यकर्ता आणि सेवार्थी यांच्या नात्याची सात तत्त्वे मांडली. प्रत्येकाला वेगळी व्यक्ती म्हणून पाहणे, त्याला भावना व्यक्त करू देणे, स्वतःच्या भावनांवर संयम ठेवून सहभागी होणे, आहे तसा त्याचा स्वीकार करणे, दोषारोप न करणे, निर्णय त्याचा त्याला घेऊ देणे आणि गुप्तता राखणे, ही ती तत्त्वे होत. जगभरातील समाजकार्याचे विद्यार्थी ती आजही अभ्यासतात.

भारतात या शिक्षणाची सुरुवात मुंबईत झाली. अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या नेतृत्वाखाली १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. तेच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून नावारूपाला आले. १९५५ साली डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी या संघाच्या धर्मभगिनींनी मुंबईत निर्मला निकेतन हे समाजकार्य महाविद्यालय स्थापन केले. व्यक्तिसहाय्य कार्य हा या शिक्षणातील पायाभूत विषय आहे.

आपल्या धर्मग्रामात कोणी व्यसनाधीन झाला, कोणाचा संसार मोडकळीस आला वा कोणावर एकाकी वार्धक्य ओढवले, तर आपणही मदतीस धावतो. अशा वेळी दारात पाऊल टाकण्यापूर्वी मेरी रिचमंड यांनी शिकवलेल्या काही गोष्टी मनात असू द्याव्यात. आधी शांतपणे ऐकावे. ऐकीव गोष्टींवर मत बनवू नये. त्या घराची गोष्ट चार घरांत नेऊ नये. जेथे आपले ज्ञान अपुरे पडेल, तेथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्याकडे निःसंकोचपणे जाण्यास सुचवावे. आणि एकदा भेट देऊन थांबू नये, पुन्हा जावे.